‘जकूझीला केमिकल लागत नाही’ हा निरोप पुढे पाठवण्याआधी

महिनाभरात हा निरोप मला चार ग्रुपांवर आला. कर्जत-लोणावळ्याकडे ज्यांचे बंगले आहेत, त्यांच्यात तो जोरात फिरतोय. मजकूर असा: “घरच्या जकूझीला महागडी केमिकल लागत नाहीत. ४० अंशांच्या पाण्यात जंतू जगतच नाहीत. आठवड्यातून एकदा तुरटी फिरवा, चिमूटभर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. पाणी चिकट वाटलं तर बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र घाला. क्लोरीनचा वास आला म्हणजे ते जास्त झालं, दोन दिवस काही टाकू नका. पाणी नितळ दिसतंय तोवर बदलू नका.” शेवटी ‘सगळ्यांना पाठवा’.

आमच्याकडे जकूझीचा, म्हणजे गरम पाण्याचा, बुडबुडे सोडणारा १,२०० लिटरचा टब आहे आणि सहा वर्षं त्याचं पाणी मी सांभाळतोय. गेल्या पावसाळ्यात माझा भाचा मित्रांबरोबर एका भाड्याच्या बंगल्यात दोन दिवस राहून आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या कमरेवर आणि मांड्यांवर लाल, खाजरे फोड उठले. पोहण्याची चड्डी जिथे अंगाला घट्ट बसते, तिथे जास्त दाट. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, “गरम पाण्याच्या टबात बसला होतास का?” हा स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा उद्योग. हे फोड बहुतेक वेळा आपोआप बरे होतात, पण ते उठतात ते पाण्यात क्लोरीन कमी पडल्यामुळे. म्हणून या निरोपातला एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा ४० अंशांचा. दही लावताना आपण दूध कोमट करतो, ते जंतू मरावेत म्हणून नाही. विरजण नीट वाढावं म्हणून. टबातलं पाणी साधारण त्याच ऊबेचं असतं, आणि ४० च्या वर ते नेऊही नये, माणसाला सोसत नाही. लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू २० ते ४५ अंशांत वाढतो. त्याला झपाट्याने मारायचं तर ६० अंशांच्या वर जावं लागतं. टबाचे बुडबुडे फुटले की बारीक तुषार उडतात आणि ते श्वासातून आत जातात. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल गावच्या फुलांच्या प्रदर्शनात असा टब नुसता चालू करून दाखवायला ठेवला होता. शेजारून चालत गेलेली माणसं आजारी पडली, तिसेक दगावली. २०१९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या जत्रेत पुन्हा तेच झालं. तिथे चार जण गेले. टबात उतरलेलंही कुणी नव्हतं. हा मुद्दा पुढे पाठवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

तुरटीबद्दल थोडक्यात. तुरटी गढूळपणा खाली बसवते, पण त्यासाठी पाणी स्थिर हवं. टबात पाणी सतत फिरतं, मग तो गाळ फिल्टरमध्ये अडकतो. जंतू मारण्यासाठी तुरटीवर विसंबता येत नाही. उलट ती पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवून घेण्याची ताकद, खाते.

टीसीएलच्या मुद्द्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथे चांगली माणसं प्रामाणिकपणे चुकतात. आमच्या बंगल्याचे केअरटेकर काका गावात जलसुरक्षक होते. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल टाकायचं, नळावर ओटी टेस्ट (क्लोरीन आहे का ते रंगावरून बघायची चाचणी) घ्यायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलंय. एका सोमवारी त्यांनी नळी उजेडात धरून मला दाखवली. “साहेब, पिवळं आलं. पाणी बरोबर आहे.” मी त्याच पाण्याची डीपीडी गोळीने चाचणी घेतली. मोकळं, म्हणजे घाणीशी अजून न जोडलेलं, क्लोरीन असलं की पाणी गुलाबी होतं. रंग आला तो इतका फिका, की नळी पांढऱ्या कागदावर धरावी लागली.

काका खोटं बोलत नव्हते. ओटीचा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीननेही येतो आणि घामा-लघवीतल्या घाणीशी जोडल्या गेलेल्या क्लोरीननेही. नळाला येणाऱ्या पाण्यात ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलीग्रॅम) मोकळं क्लोरीन पुरतं. टबात किमान ३ लागतं. पाणी गरम, माणसं चार आणि माणशी जेमतेम ३०० लिटर, म्हणून. १,२०० लिटरला ३ पीपीएमसाठी ३३ टक्क्यांचं ताजं टीसीएल ११ ग्रॅम लागेल. पण उघड्या पिशवीतलं टीसीएल पावसाळ्यात किती उरलंय हे चिमटीला कळत नाही, आणि त्याचा चुना पाण्यात उरतो तो वेगळाच. मी १० टक्क्यांचं द्रवरूप हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन, वापरतो. तेवढ्याच कामाला ३६ मिली. तेही जुनं झालं की उतरतं, म्हणून टाकल्यावर मोजतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. टीसीएल आणि स्विमिंग पूलच्या ट्रायक्लोर गोळ्या एका डब्यात, एका मापाने, कधीही नाही. दोन्ही एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

त्या सोमवारी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली याचा आकडा, निघाला ८.२. पाण्यात कुणी काही घातलं नव्हतं, फक्त शनिवार-रविवार जेट चालू होते. निरोपात पीएचचा साधा उल्लेखही नाही, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं पाप हेच. बुडबुड्यांबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो. पीएच ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण अर्धं जंतू मारायच्या जोरदार रूपात असतं. ८ ला जेमतेम पाव. म्हणजे क्लोरीन मोजून बरोबर भरेल आणि काम मात्र निम्मंच करेल. वर आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. पीएच चढला आणि पाणी तापलं की चुना आधी हीटरवर बसतो. दुसऱ्या वर्षी आमचा हीटर उघडला तेव्हा कॉइलवर पांढरा थर होता, नखाने खरवडला तर निघेना. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ या मर्यादेत ठेवायला लागल्यापासून तसा थर पुन्हा दिसला नाही.

आता सोडा-व्हिनेगर. एकटा खाण्याचा सोडा कामाचा आहे. १,२०० लिटरला २० ग्रॅम घातला तर अल्कलिनिटी साधारण १० पीपीएम वाढते. पण त्यात व्हिनेगर ओतलं की दोघं एकमेकांना मारतात. फसफस होते, पाणी साफ झाल्यासारखं वाटतं, आणि मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेट. त्यावर जंतू पोसतात.

वासाचा मुद्दा तर नेमका उलटा आहे. नाकात जाणारा, डोळे चुरचुरवणारा वास क्लोरामाइनचा असतो. क्लोरीन घाणीशी जोडलं गेलं, मोकळं उरलं नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा दोन दिवस काही न टाकणं म्हणजे आजाऱ्याचं औषध बंद करणं. अशा वेळी झाकण उघडं ठेवून क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा आणि आकडा पुन्हा ३ ते ५ वर येईपर्यंत कुणाला उतरू द्यायचं नाही. उतरण्याआधी साबण लावून आंघोळ केली तर ही वेळ फार कमी येते.

राहिलं पाणी बदलणं. भाच्याने त्या टबाचा फोटो पाठवला होता, तळाचा नळ स्पष्ट दिसत होता. तरी त्याला फोड उठलेच. नितळपणाचा आणि जंतूंचा संबंध इतकाच. माझा हिशेब असा, की टबाचे लिटर भागिले १२, मग भागिले रोजची माणसं. १,२०० लिटरला रोज चार जण असतील तर २५ दिवस. फक्त शनिवार-रविवारी वापर असेल तर तीन महिने, त्याहून जास्त नाही. मे महिन्यात टँकर मागवावा लागतो, म्हणून लोकांचा हात आखडतो, हे मला मान्य आहे. आम्ही दोन-तीन दिवस आधी क्लोरीन टाकणं थांबवतो, टबात कुणी उतरत नाही, झाकण उघडं ठेवतो. डीपीडीला रंग येईनासा झाला की काका पाइप लावून ते पाणी आंब्याच्या कलमांना सोडतात.