कडक भाकरीला शिळी म्हणणाऱ्या दादांना, जरा सविस्तर

नमस्कार दादा,

मंगळवेढ्याच्या ज्वारीवरच्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय की कडक भाकरी म्हणजे वाळलेली शिळी भाकरी, दुष्काळात दुसरं काही नव्हतं म्हणून लोकांनी खाल्ली, आणि आता आमच्यासारखी मंडळी गाडी काढून, पेट्रोल जाळून तिचं कौतुक करत फिरतात. शेंगा चटणी म्हणजे तुमच्या मते नुसतं तेल आणि तिखट. आणि सोलापुरात एवढी चांगली नवीन हॉटेलं झालीत त्यांच्यावर मी का लिहीत नाही. शेवटी तुम्ही हेही लिहिलंय की तुम्ही मूळचे सोलापूरचेच, आता पुण्यात असता. हेच मला जास्त लागलं बघा. बाहेरच्या कोणी लिहिलं असतं तर दोन ओळीत सोडून दिलं असतं, पण तुम्ही गावचे, म्हणून बसून लिहितोय.

आधी शिळ्या भाकरीचं. शिळी भाकरी कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको, वातड, चिवट, दाताने ओढून तोडावी लागते, तिला कांदा-मिरचीची फोडणी दिली की मस्त लागते, मलाही आवडते, पण ती कितीही दिवस ठेवली तरी तिची कडक भाकरी होत नाही. कडक भाकरी पहिल्यापासून कडक करायची म्हणूनच थापलेली असते. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, दुकानांना भाकरी करून देतात, त्यांच्याकडे मी तासन्‌तास बसून बघितलंय. पीठ ताजं दळलेलं लागतं, जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते आणि थापताना कडा फाटत जातात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतोच, म्हणून पिठात कढत पाणी घालायचं, त्याने पीठ थोडं उकडल्यासारखं होऊन धरून राहतं, मग काटवटीत तळहाताने रगड रगड रगडायचं. थापताना ती नेहमीच्या भाकरीपेक्षा मोठी आणि इतकी पातळ करतात की उचलून तव्यावर टाकेपर्यंत बघणाऱ्याचाच जीव वर-खाली होतो. आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. आपण साध्या भाकरीला फुगली की खूश होतो ना, इथे फुगू द्यायचीच नाही, फडक्याच्या बोळ्याने दाबत दाबत फिरवत राहायचं, कारण फुगली की पापुद्रा सुटतो, दोन पदर होतात आणि मग एक करपतो तर दुसरा मऊ राहतो. नंतर आच बारीक करून, कडेला उबेला उभी करून ठेवायची, सगळी ओल जाईपर्यंत. काकू नखाने टिचकी मारून बघतात, खणखणीत वाजली तर डब्यात, नाही वाजली तर परत तव्यावर. मधोमध जरा जरी ओल राहिली तर चार दिवसांत बुरशी येते, आणि नीट वाळलेली महिनाभर टिकते. आता तुम्हीच सांगा, एवढं सगळं केलेल्या भाकरीला शिळी म्हणायचं?

आता दुष्काळाचं. आपल्याकडे पाऊस कमी, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बराच सप्टेंबरात पडतो, म्हणून इथे ज्वारी रब्बीची, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारी. हे सगळं खरंय आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पण कडक भाकरी मजबुरीचं खाणं असती तर ती लग्नात कशाला वाढली असती? आपल्याकडच्या लिंगायत घरांमध्ये लग्नाच्या किंवा जत्रेच्या आधी शेजारपाजारच्या बायका जमून भाकऱ्यांच्या चळती लावतात, पंगतीत ती कडक भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, शेंगा चटणी, दही आणि खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर. सीमेपलीकडे कर्नाटकात कोप्पळला गवीमठाच्या जत्रेला जानेवारीत आसपासच्या गावांतनं लोक घरी केलेल्या ज्वारीच्या रोट्ट्या आणून देतात, त्या मोजतात लाखांत, आणि सगळ्या दासोहात, म्हणजे मठाच्या अन्नदानात, वाढल्या जातात. देवाच्या दारात आणि लेकीच्या लग्नात माणूस आपल्याकडचं चांगलं तेच वाढतो हो. टिकतं म्हणून केलेलं खाणं आणि मिळत नाही म्हणून खाल्लेलं खाणं या दोन गोष्टी तुम्ही एका पोत्यात भरल्यात, माझं म्हणणं फक्त तेवढंच आहे.

पेट्रोलचं म्हणाल तर मंगळवेढा इथनं पन्नास-पंचावन्न किलोमीटर, सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला घरी. आम्ही वर्षाची ज्वारी तिथनंच आणतो. मार्केट यार्डातही मालदांडी म्हणून मिळते, पण मालदांडी म्हणून काय काय खपवतात हे तुम्हालाही माहिती असेल. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेलं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. तिथली खोल काळी जमीन एकदा ओल धरून बसली की पुढे पाऊस नाही पडला तरी पीक निघतं. तिथे शेतकऱ्याच्या खळ्यावर उभं राहून मूठभर दाणा हातात घेतला की कळतं, गोल, पांढरा, चमक असलेला, दाताखाली धरला तर टणक आणि मागनं गोडसर. त्या पिठाची भाकरी थापताना हाताखाली पसरत जाते, ओढावी लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशीसुद्धा मऊ राहते. आणि तुम्ही दुष्काळाचा विषय काढलाच आहे म्हणून, दामाजीपंतांची कथा याच मंगळवेढ्याची ना? बिदरच्या बादशहाची कोठारं दुष्काळात लोकांसाठी उघडली ते याच गावात. देवळात जाऊन या कधी, येताना माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं दर्शन घ्या, वाटेवरच आहे.

हॉटेलांबद्दल थोडक्यात. मी बाहेर भरपूर खातो आणि लिहितोही. पार्क चौपाटीवर लिहिलंय, विजापूर वेशीकडच्या डालचा-खान्यावर लिहिलंय, हरभऱ्याची डाळ, मटण, दुधी आणि चिंच, भाताबरोबर, असा डालचा तुम्हाला पुण्यात शोधूनही पटकन मिळणार नाही. पूर्व भागात तेलुगू घरांमध्ये संक्रांतीला तांदळाच्या पिठाचे तीळ घातलेले सकिनालू करतात, त्यावरही लिहिलंय. पण ज्या नवीन हॉटेलात मेनूकार्ड उघडलं की पनीर टिक्का, मंचूरियन आणि पास्ता, त्यावर सोलापूरचं म्हणून मी काय लिहू? चांगलं असेलही, एसी असेल, फॅमिलीला बसायला छान असेल, पण ते सगळ्या गावांत सारखंच आहे. तुमच्या बघण्यात खरंच वेगळं काही असेल तर नाव कळवा, या महिन्यात जाऊन येतो.

राहिली चटणी. त्यातल्या तेलावर तुमचा राग आहे, पण आमच्या घरच्या चटणीत तेलाचा थेंब वरून पडत नाही. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. दाणे मंद आचेवर खमंग भाजून, चोळून, पाखडून उखळात लसूण, जिरं, मीठ, तिखट घालून कुटायला घेतले की आधी नुसता भरडा दिसतो, आणि मग कुटत राहिलं की एका क्षणी तो कडेला चिकटायला लागतो, रंग गडद होतो, चकाकी येते, गोळा होऊ बघतो, तेव्हा ओळखायचं की दाण्याने तेल सोडलं. डंकावरही, म्हणजे कुटायच्या यंत्रावरही, असंच होतं, कारण तिथेही दाणा ठेचला जातो. मिक्सरचं पातं कापतं, ठेचत नाही, वर गरम होतं, त्यामुळे एकतर कोरडी पूड राहते नाहीतर एकदम लगदा. तुम्ही तिकडे मिक्सरची किंवा पाकिटातली खात असाल तर ते नुसतं तेल-तिखट लागणारच, त्यावरनं सोलापूरच्या चटणीला नावं ठेवू नका. तिखट असते हो ती, नाही कशाला म्हणू, पण चांगल्या चटणीत आधी दाण्याचा गोडवा येतो, मग लसूण, आणि तिखट मागनं.

पुण्यात उखळ नसेल तरी जमतं. पाव किलो दाणे भाजून पूर्ण गार होऊ द्या, गरम दाणे अजिबात घालू नका. दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, मीठ आणि दोन-तीन चमचे तिखट, त्यात निम्मं ब्याडगीचं घ्या म्हणजे रंग येतो आणि जाळ कमी होतो. मिक्सर सलग फिरवायचा नाही, एकेक झटका देऊन थांबायचं, चमच्याने खालीवर करायचं, भरड झालं की बाहेर काढायचं आणि मग थोडं थोडं खलबत्त्यात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. ही शेवटची पायरी टाळू नका, सगळी चव तिथेच आहे. कडक भाकरी मोडून, वर ही चटणी आणि घट्ट दही घालून खा, आणि मग परत लिहा, तुमची प्रतिक्रिया मी नक्की वाचणार.