चिलीम सोडा, आधी फुंडे वाजवा

गोव्याच्या किनाऱ्यावर लाल-पिवळा-हिरवा टी-शर्ट घातला, चिलीम ओढली की झालो रास्ता, म्हणजे जमैकातल्या रास्ताफारी धर्माचा अनुयायी, असं समजणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी तिथल्या न्याबिंगी सभेत, म्हणजे ढोल, गाणं आणि प्रार्थनेच्या धार्मिक सभेत, एक रात्र फुंडे नावाचा ढोल वाजवून बघावा.

सभेत ढोल तीन प्रकारचे. बास सगळ्यात मोठा, कापड गुंडाळलेल्या काठीने वाजतो; पहिल्या मात्रेवर मोकळा ठोका, तिसरीवर दाबलेला. फुंडे म्हणजे काळजाचा ठोका: धक-धक, थांबा, धक-धक. तासन् तास तेवढंच. उपज करायची मुभा फक्त छोट्या, चढ्या आवाजाच्या रिपीटरला. बिघडतं ते बहुधा फुंडेपाशी. वाजवणारा कंटाळतो, हात नकळत पळायला लागतो, बास मागे राहतो आणि गाणाऱ्यांचा श्वास तुटतो. माझ्या मते रास्ताफारीतली खरी साधना ही: सगळ्यांना धरून ठेवायचं आणि स्वतः कुठेही उठून दिसायचं नाही.

दुसरा भाग रिझनिंगचा. गोल करून बसायचं, पुरुषांनी टोपी काढायची, पाइप पेटवण्याआधी प्रार्थना, मग बायबलच्या वचनापासून जगाच्या राजकारणापर्यंत चर्चा. मुद्दा जिंकायला बसलेला माणूस इथे बैठक नासवतो. आणि तयारी लागते. 'ट्वेल्व्ह ट्राइब्ज' पंथात रोज बायबलचा एक अध्याय वाचायची शिस्त आहे. 1189 अध्याय, म्हणजे सव्वातीन वर्षं. इतकं वाचून बसणाऱ्यासमोर धुराच्या तंद्रीतलं तत्त्वज्ञान टिकत नाही.

जेवण 'आयटल': डुक्कर नाही, डबाबंद नाही, बरेच जण मांस आणि मीठही वर्ज्य करतात. भोपळा, कंदमुळं नारळाच्या दुधात शिजतात, चव थाइम आणि पातीच्या कांद्याची. स्कॉच बॉनेट मिरची अख्खीच सोडायची, न फुटता काढायची. फुटली की अख्खं पातेलं तोंडात घालवत नाही.

गांजाचं म्हणाल तर 1845पासून जमैकात गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांबरोबर तो तिकडे पोचला, असं सहसा मानलं जातं. 2015च्या कायद्याने जमैकात रास्ताफारींना धार्मिक वापराची मोकळीक मिळाली. आपल्याकडे 1985चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे, तेव्हा किनाऱ्यावर धर्माचा दाखला चालणार नाही. तसंही अजिबात न ओढणारे रास्ता आहेतच.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. परंपरेने बायकांना सभेत ढोल वाजवता येत नाही, डोकं झाकावं लागतं, आणि बोबो अशांती पंथात पाळीच्या दिवसांत वेगळं बसवतात. ते 'वेगळं बसवणं' आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. 'मी आणि तू'ऐवजी 'आय अँड आय' (मी आणि मी) म्हणत तुझ्या-माझ्यातला भेद पुसणाऱ्यांकडे याचं उत्तर मागायलाच हवं. तिथल्या बायका ते केव्हापासून मागतायत.