ब्रिजवर परत तुटली

सांगलीत पावसाळ्यात ‘ब्रिज’ हा शब्द फोनवर मोठ्यानं बोलू नये, हे मला गेल्या जुलैत कळलं. मी गॅलरीत उभा राहून मित्राला सांगत होतो, “अरे, ब्रिजपाशी परत तुटली. या महिन्यात तिसऱ्यांदा!” शेजारचे काका त्यांच्या गॅलरीत शेंगा फोडत बसले होते. ते गुपचूप उठून आत गेले आणि पाच मिनिटांत त्यांच्या घरातून ट्रंक ओढल्याचा आवाज यायला लागला. 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा काका गावभागात राहायचे. स्वतःचा फ्रिज स्वयंपाकघरातून पोहत बाहेर येताना त्यांनी पाहिलाय. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे आकडे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ आहेत.

मी धावत गेलो. “काका, पुलाचं काही नाही. माझ्या गिटारचा ब्रिज, तारा टेकतात ती पट्टी. तार तुटली.”

काकांनी ट्रंक खाली ठेवली. “तारच ना? मला वाटलं गिटार तुटली,” म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरा निराशाच दिसली.

मी त्रेचाळीस वर्षांचा बँकेतला माणूस. कॉलेजात राहून गेलेली हौस म्हणून दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गिटार घेतली. आमचा चौघांचा बँड आहे. ड्रमवर बसतो तो मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतो. त्यानं जोरात वाजवलं की अजून थोडी हळद उडते. माझी गिटार 1954 साली निघालेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, म्हणजे नक्कल. ती गिटार काढणाऱ्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती म्हणतात. मला याचा फार आधार वाटतो.

तर माझी पहिली तार तुटायची. पहिली म्हणजे सगळ्यांत बारीक, पाव मिलिमीटर जाडीची. एवढ्याशा तारेवर सात किलोंहून जास्त ताण असतो, आणि सहा तारांचा मिळून जवळजवळ साखरेचं एक पोतं. हे पोतं मागून स्प्रिंगांनी धरून ठेवलेलं असतं, म्हणजे कायमची रस्सीखेच. एक तार तुटली की स्प्रिंगांचा जोर भारी पडतो, ब्रिज मागं झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा सुराच्या वर चढून बसतात. एका भावानं वाटणी मागितली की बाकीचे भाऊ जसे वरच्या पट्टीत बोलायला लागतात, तसं. सोसायटीच्या गणपतीत नेमकं हे झालं. तार गेली, पाच बहिणी चिरकल्या, आणि समोरच्या आजी शेजारणीला म्हणाल्या, “आता जरा रंगात आलाय.”

मग सल्ले सुरू झाले. आईनं मीठ-मोहरी काढून गिटारची दृष्ट काढली. वाद्यांच्या दुकानातल्या पोरानं “तार हलकी आहे सर” म्हणून दुप्पट किमतीची दिली. ती नऊ दिवस टिकली. मग “जाड घ्या सर” झालं. जाडीनं माझी बोटं सोलली आणि अकराव्या दिवशी ती तुटली ती तुटलीच. ऑफिसातल्या एकानं, ज्यानं आयुष्यात कधी शिट्टीसुद्धा वाजवलेली नाही, निदान केलं, “तू फार ओढतोस.” हे मात्र मनाला लागलं, कारण मी खरंच ओढतो. तार बोटानं बाजूला ताणून स्वर चढवायला मला आवडतं. दोन आठवडे मी काहीही न ओढता वाजवलं, भजनाला बसल्यासारखं. तरी तुटली.

घरात मात्र याची सोय झाली होती. तुटलेल्या तारेचा लांब तुकडा बायको ठेवून घ्यायची. गॅसच्या बर्नरची बारीक भोकं साफ करायला यासारखी वस्तू नाही, हा शोध तिचा. पुढं आई खरवसाच्या वड्या तारेनं पाडायला लागली, मग काकूंनी एक मागून नेली, मग काकूंच्या बहिणीनं. ब्रिजच्या पोटात अडकून राहणारा आखूड तुकडा, ज्याच्या टोकाला पितळेची गुंडी असते, तो मुलगी गोळा करायची. अशा अकरा गुंड्यांची माळ तिनं बाहुलीला घातली होती.

शेवटी हळदवाला म्हणाला, “मिरजेला जा की लेका. तारेची दुखणी तिथं कळत नसतील तर कुठं कळणार?” मला संकोच वाटत होता. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई राहिले, जिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं ही प्लगची गिटार घेऊन कसं जायचं? पण गेलो. मुलीच्या बाहुलीची माळही, लेखी हमी देऊन, सोबत घेतली.

सतारीच्या दुकानात भोपळ्यांची उतरंड आणि लाकडाचा भुसा. तिथल्या कारागीर चाचांनी गिटारकडं आधी बघितलंच नाही. माळ हातात घेतली, एकेक तुकडा शेजारीशेजारी लावला. अकराही तुकडे बोटभर, अगदी मापून कापल्यासारखे सारखे.

“साहेब, तार म्हातारी होऊन तुटली असती तर एकदा इथं, एकदा तिथं तुटली असती. ही एकाच जागी मरालीय. म्हणजे मारणारा तिथंच बसलाय.”

“मी जरा ओढतो,” मी कबूल केलं.

चाचा हसले. “सतारवाले दांडीच्या एका पडद्यावरनं चार-चार सूर ओढतात. ओढून तार तुटत असती तर आमी कवाच दुकान बंद केलं असतं.”

मग त्यांनी पहिली तार सैल करून बाजूला केली आणि ब्रिजवरच्या ज्या छोट्या तुकड्यावर ती टेकते, त्याच्यावरनं कापसाचा पुंजका फिरवला. बाकी पाचांवरनं कापूस सरकन गेला. पहिल्यावर चार तंतू अडकून राहिले. मी भिंग घेतलं तेव्हा दिसलं: धातूचा केसाएवढा कंगोरा. तार ओढली की ती त्या कडेवर पुढंमागं घासायची, वाकायची, परत वाकायची. ताराही मी दोन वर्षांत बावीस-तेवीस बदलल्या असतील, आणि हा गडी जागचा हलला नव्हता.

“याला काय म्हणता तुमी?”

“सॅडल. म्हणजे खोगीर.”

चाचांना हे फार आवडलं. “आमच्यात घोडी, तुमच्यात खोगीर!” त्यांची घोडी हाडाची नाहीतर शिंगाची, चांगली रुंद. तिचा माथा घासून घासून जवारी काढायची म्हणजे तार त्यावर हलकी टेकते आणि गुंजते. त्यात माणसाचं आयुष्य जातं. “आमची तार पाटावर निजती. तुमची कड्यावर उभी. त्यात कड्याला दात.”

कामाला दहा मिनिटं लागली. बारीक कानशीचे तीन हलके हात, मग जुन्या जाड तारेभोवती पॉलिश पेपर गुंडाळून खोबणीतनं मागंपुढं, तारेच्याच वाटेनं, आडवं अजिबात नाही. कापूस फिरवला. एक तंतू. परत घासलं. कापूस सरकन गेला. खोबणीत शिसपेन्सिल फिरवली, म्हणजे तार घसरती राहते. “जास्ती घासू नका कधी, तार खाली बसली की पडद्यांवर खडखडंल,” एवढं बजावलं. पन्नास रुपये घेतले.

“वाजवा की,” म्हणाले.

मी दोन मिनिटं वाजवलं, ओढण्यासारखं होतं तेवढं सगळं ओढलं. चाचा डोळे मिटून ऐकत होते. थांबलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“तार चांगली हाय,” म्हणाले.

त्याला आता सात महिने झाले. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. तार आहे तशी आहे. हौसेनं आणून ठेवलेल्या सुट्या तारांची आठ पाकिटं कपाटात पडून आहेत. मुलीची माळ अकरावर अडलीय.

परवा रात्री मी वाजवत बसलो होतो. बायको दारात येऊन उभी राहिली. वाटलं, ऐकायला आली. तिच्या हातात गॅसचा बर्नर होता.

“अहो, तुटली नाही का अजून?”

“नाही.”

ती थोडा वेळ पहिल्या तारेकडं बघत राहिली. मग म्हणाली, “जरा ओढून बघा की.”