ताई, पासवर्ड तुम्ही बदललाच नव्हता

नमस्कार ताई. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू रविवारी रात्री आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर ओढताना वाचला आणि खरं सांगतो, घास गिळला नाही. तुम्ही लिहिलंय की तारकर्लीच्या होमस्टेवर आम्ही १,२०० रुपये घेऊन काउंटरचा विंडोज पीसी, मुलाचं मॅकबुक आणि भाच्याचा लिनक्सवाला लॅपटॉप यांच्यात फोल्डर शेअर करून दिले, पंधरा दिवस चाललं आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत पासवर्ड चुकीचा म्हणायला लागलं, दुकानात फोन केला तर आमच्या कामाच्या मुलाने "तुम्हीच बदलला असणार, रीस्टार्ट मारून बघा" म्हणून फोन ठेवला आणि परत यायचे ४०० सांगितले. यातलं एक अक्षर खोटं नाही. माफी मागतो, आणि सोमवारी येऊन बघितलं तेव्हा जे सापडलं ते इथेच लिहितो, कारण मालवणात निदान दहा जणांकडे हाच घोळ आहे आणि प्रत्येकाला वाटतं चूक आपलीच.

काउंटरवर बसून मी म्हटलं पासवर्ड टाका, तुम्ही पटकन चार आकडे दाबलेत आणि पीसी उघडला. तिथेच कळलं. ते चार आकडे म्हणजे पिन, पासवर्ड नाही. पिन त्या एका मशीनपुरता असतो, समोर बसलेल्या माणसासाठी, तोच पिन मॅकवरून किंवा लिनक्सवरून टाकला तर नेटवर्कवर तो चालतच नाही, तिथे अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. आम्ही बसवलं तेव्हा पिन नव्हता, साधं लोकल अकाउंट होतं, म्हणजे त्या पीसीपुरतंच. मग तुमच्या मुलाने वनड्राइव्हसाठी, म्हणजे फाइली इंटरनेटवर ठेवायला, त्या पीसीवर स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं, विंडोजने पिन ठेवायला सांगितला, त्याने ठेवला, झालं. त्याचं काहीच चुकलं नाही. पण त्या क्षणी जुनं अकाउंट मायक्रोसॉफ्टचं झालं, युजरनेमच्या जागी त्याचा ईमेल आला आणि पासवर्ड म्हणजे त्या ईमेलच्या अकाउंटचा पासवर्ड. तुम्ही कोणी पासवर्ड बदलायला गेलाच नव्हता, तरी तो बदलला होता. त्यामुळे आमचा मुलगा फोनवर जे म्हणाला ते चूक होतं, त्याने आधी विचारायला हवं होतं की पीसीवर हल्ली नवीन काय केलंत.

आता मॅक. मॅक एकदा दिलेला पासवर्ड कीचेन नावाच्या आपल्या कपाटात जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी न विचारता तोच पुढे करतो. तो जुना, म्हणून दार बंद. नवीन टाकायची खिडकी आली की मुलगा तिथे पिन टाकायचा आणि ती खिडकी नुसती नाही नाही करत मान हलवायची, कारण काय ते सांगायची नाही. विंडोजकडेही असंच कपाट आहे, क्रेडेन्शियल मॅनेजर नावाचं, तिथेही भाच्याच्या लॅपटॉपसाठी जुनीच नोंद बसलेली. दोन्हीकडच्या जुन्या नोंदी मी तुमच्यासमोर काढल्या. रीस्टार्टचं सांगितलं त्यामागेही कारण आहे, विंडोज एकाच कॉम्प्युटरला एकाच वेळी दोन वेगळ्या युजरनेमने जोडून देत नाही, जुनं कनेक्शन तुटल्याशिवाय नवीन घेत नाही, आणि ते तोडायचा सोपा मार्ग म्हणजे रीस्टार्ट. पण जुनी नोंद न काढता दहा वेळा रीस्टार्ट मारलात तरी उपयोग शून्य, हे आम्ही सांगितलंच नाही.

आणखी एक गोष्ट. काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, "माका बरोबर येता, तरी पासवर्ड घेणा नाय." तिने भाच्याच्या लॅपटॉपचा फोल्डर उघडायचा पासवर्ड माझ्यासमोर टाकला, एकेक अक्षर बरोबर, आणि नाही घेतला. खाली कोपऱ्यात बघितलं तर कीबोर्ड मराठीवर. ती पाटी आणि बिलं मराठीत टाईप करते, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर, आणि परत इंग्रजीवर यायचं राहून जातं. पासवर्डच्या चौकटीत नुसते काळे ठिपके दिसतात, मराठीचे आणि इंग्रजीचे ठिपके सारखेच, मग कळणार कसं? विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते, तिला दाखवलंय आणि चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलीय.

भाच्याच्या लॅपटॉपचा प्रश्न वेगळा. त्यावरचा फोल्डर सांबा नावाच्या प्रोग्रॅममधून शेअर होतो. विंडोज ज्या पद्धतीने फाइल शेअर करतं तिला एसएमबी म्हणतात, ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती पद्धत लिनक्ससारख्या मशीनला शिकवली, आणि एस, एम, बी ही तीन इंग्रजी अक्षरं असलेला शब्द शोधताना सांबा हे नाव सापडलं. तर हा सांबा स्वतःचे पासवर्ड वेगळे ठेवतो. भाच्याने लॉगिनचा पासवर्ड बदलला आणि त्याला वाटलं फोल्डरचाही बदलला, पण सांबाकडे जुनाच. मी बसवतानाच त्याला सांगायला हवं होतं की हे दोन पासवर्ड आहेत, एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. इथे पूर्ण चूक माझी.

मात्र एका गोष्टीला माझा नकार आहे आणि तो राहणार. तुम्ही लिहिलंय दुसरा माणूस दोन मिनिटात पासवर्डच काढून देतो म्हणाला. ताई, त्या फोल्डरमध्ये गेस्टच्या आधार कार्डाचे स्कॅन आहेत, हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय, आणि वायफायचा पासवर्ड पडवीतल्या फळ्यावर खडूने लिहिलेला. खळ्यात बसलेला प्रत्येक गेस्ट तुमच्याच नेटवर्कवर असतो. पासवर्ड काढला तर पुण्यामुंबईच्या कुटुंबांची कागदपत्रं कोणाच्याही फोनवर उघडतील. शिवाय विंडोज मुळातच पासवर्ड नसलेल्या अकाउंटला नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ प्रोच्या २४एच२ अपडेटपासून दुसऱ्या मशीनवरचा बिनपासवर्डाचा फोल्डर उघडायलाही नकार देतो, म्हणजे ते चालवायला एकेक कडी काढत बसायचं. जुन्या स्कॅनरसाठी एसएमबी १, म्हणजे त्या पद्धतीची जुनी आवृत्ती, चालू करा असंही तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, तेही करू नका, २०१७ साली वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने जगभर पसरला होता.

म्हणून केलं काय, तर काउंटरच्या पीसीवर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल अकाउंट बनवलं, त्याला फक्त रजिस्टरचा फोल्डर, बाकी काही नाही. आता मुलाने ईमेल बदलला, पिन बदलला तरी मॅकवर फरक पडणार नाही. गेस्टचं वायफाय राउटरवरच वेगळं केलं. नवीन पासवर्ड कागदावर लिहून तुमच्या हातात दिलाय, तो फळ्यावर नको.

४०० रुपये घेतलेले नाहीत, घेणारही नाही. राहिला भाच्याचा लॅपटॉप, तो कॉलेजला कुडाळला घेऊन गेलाय. शनिवारी आला की दुकानात पाठवा, पाच मिनिटांचं काम आहे, फक्त दुपारी १ ते ४ सोडून, तेव्हा जेवायला घरी असतो.