भरीत पार्टी आणि माझी अलॉय चाकं

सेकंडहँड गाडी घेताना मी इंजिन बघितलं नाही, अलॉय बघितले, हे बायको अजून चारचौघांत सांगते. एका चाकाला दहा काड्या, म्हणजे चार चाकांच्या चाळीस, आणि प्रत्येक काडीच्या मागे एक खाच, जिथे माझं बोट जात नाही, घाण बरोब्बर जाते.

त्यात आम्ही जळगावचे. केळीच्या शिवारातली काळी माती ओली असली की कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठासारखी चिकटते आणि वाळली की सिमेंट. पण माती तरी निघते हो, खरा वैरी वेगळाच. पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा काळी व्हायला लागली तेव्हा मी ऑइल लीक समजून घाबरत गॅरेजला गेलो. मेकॅनिक हसायलाच लागला, "लीक काय नाही भो, तुम्ही ब्रेक मारून राहिले ना, तो भुगा आहे." ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड झिजतात, तो लोखंडाचा भुगा गरमागरम उडून रिमवर बसतो, आणि ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर, म्हणून तीच काळी. नुसत्या पाण्याला तो दाद देत नाही.

समोरचे अण्णा म्हणे संडासाचं ॲसिड मार, चकाचक होतं. होतं ना, पण ते वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, खातं आणि मग खालचं ॲल्युमिनियमपण. म्हणून मी भुगा विरघळवणारा स्प्रे मागवला. बाटलीवर लिहिलेलं, चाक थंड पाहिजे, ऊन नको, स्प्रे चाकावर सुकू देऊ नका. जळगावात ऊन नको! रविवारी पहाटे सहाला बसलो मग.

स्प्रे मारला आणि दोन मिनिटांत चाकातून जांभळे ओघळ. (वांग्यासारखे म्हणणार होतो, पण आमची भरताची वांगी हिरवी असतात.) वास सडक्या अंड्यांचा. फिरायला निघालेले अण्णा थबकले, "कोणाला उडवलं का रे?" आतून आई ओरडली, "सिलेंडर बंद कर, गॅस लीक झाला!"

मग ब्रश, मग पाणी, मग कोरडं पुसून वॅक्स, म्हणजे पुढचा भुगा पटकन चिकटत नाही आणि नुसत्या साबणाने निघतो. एका चाकाला दीड तास. ते इतकं चमकलं की बाकीची तीन भंगारातली वाटायला लागली, आता थांबता येईना. तिसऱ्या चाकाला टाकी संपली, तेव्हा बायकोच्या डोक्याला शॅम्पू होता. त्यावर जास्त लिहीत नाही. चौथं चाक शेजारून बादल्या आणून धुतलं.

वॅक्स पुसून कंबर सरळ करतोय तेवढ्यात यावलहून मामाचा फोन. वावरात भरीत पार्टी, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला घेतलीत, निघा. शिवाय सकाळीच केळीला पाणी सोडलंय. म्हणजे चिखल!

मी गाडी डांबरी रस्त्यावरच उभी केली. आई गप्प, बायको गप्प. मामाने ट्रॅक्टर पाठवला, आम्ही तिघं ट्रॉलीत, मांडीवर कळण्याच्या पुऱ्यांचा डबा, आणि ट्रॅक्टरचं मोठं चाक जे उडवत होतं ते सगळं माझ्या पांढऱ्या शर्टावर.

मामाने वरपासून खालपर्यंत बघितलं. "गाडी आहे ना तुझ्याकडे? मग एवढं माखून कशाला आला?"