प्राथमिक आरोग्यसेवेसाठी फिजिशियन असिस्टंट कसे घडवावेत?

प्राथमिक आरोग्यसेवेतले काम सोपे असते, म्हणून ते कमी मुदतीत शिकलेल्या माणसाकडे सोपवता येते, असा समज फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणाऱ्या पण स्वतः डॉक्टर नसलेल्या सहायकाच्या, प्रशिक्षणाबद्दल बोलताना वारंवार आढळतो. माझे मत नेमके उलट आहे. शस्त्रक्रिया विभागात काम करणाऱ्या असिस्टंटपुढे येणारा रुग्ण आधी दोन-तीन डॉक्टरांच्या नजरेखालून गेलेला असतो. दवाखान्यात येणारा रुग्ण मात्र नुसती तक्रार घेऊन येतो, तिला आजाराचे नाव मिळालेले नसते.

कंबरदुखीचेच घ्या. बहुतेकांची कंबर स्नायूंच्या ताणामुळे दुखते आणि काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे वेदनाशामक देऊन हिंडते-फिरते राहण्याचा सल्ला देणे सहसा पुरेसे असते. परंतु एखाद्याला त्याबरोबर लघवी अडल्यासारखी वाटत असेल, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरपणा आला असेल, तर मणक्याच्या खालच्या टोकाकडच्या नसांवर दाब आलेला असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे लागते. हे प्रश्न संकोचाचे आहेत; रुग्ण आपणहून सांगत नाही, आणि विचारणाऱ्याने घाई केली तर राहून जातात. पुस्तकात ही लक्षणे चार ओळींत येतात, पण दिवसातल्या विसाव्या कंबरदुखीलाही तितक्याच गांभीर्याने ते प्रश्न विचारण्याची सवय दवाखान्यातच लागते.

या पेशाची सुरुवात करणाऱ्यांना हे उमगले होते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा विद्यार्थी म्हणून नौदलात वैद्यकीय मदतनीस राहिलेली अनुभवी माणसे घेतली. वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या मेडेक्स कार्यक्रमात तर काही महिने वर्गात शिकवून पुढचा मोठा काळ जनरल प्रॅक्टिशनरच्या हाताखाली काढायचा, अशी रचना होती. आज अमेरिकेतील अभ्यासक्रम साधारण २७ महिन्यांचा असतो आणि त्यात दोन हजारांहून अधिक तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असतात. तास भरपूर आहेत, पण ते निरनिराळ्या विभागांत काही-काही आठवड्यांच्या तुकड्यांनी विभागलेले असतात. आज तपासलेला रुग्ण महिन्याभराने परत येतो तेव्हा विद्यार्थी दुसऱ्याच विभागात गेलेला असतो, त्यामुळे आपला अंदाज बरोबर होता की चुकीचा, हे त्याला कळतच नाही. प्राथमिक सेवेत कित्येकदा निदान दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच होते. तीच भेट शिक्षणातून गळते.

ब्रिटनमध्ये या पेशाबद्दल झालेल्या वादानंतर या पेशाचा आढावा घेणारा लेंग अहवाल जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. निदान न झालेले रुग्ण या सहायकांनी ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीबाहेर पाहू नयेत, अशी शिफारस त्याने केली. ती मला पटते. मात्र नव्याने पात्र झालेल्यांनी प्राथमिक सेवेत येण्यापूर्वी किमान दोन वर्षे रुग्णालयात काढावीत, ही त्याच अहवालातील शिफारस मला अर्धीच पटते. रुग्णालयात देखरेख अधिक असते आणि गंभीर आजार ओळखता येऊ लागतात हे खरे; पण तिथे आधीच चाळून आलेले रुग्ण पाहण्याची सवय होते, आणि साध्या तक्रारींच्या गर्दीतून एखादी धोक्याची तक्रार वेगळी काढण्याचे कौशल्य त्यातून येईलच असे नाही.

म्हणून प्रशिक्षणाचे शेवटचे वर्ष एकाच दवाखान्यात, एकाच डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हावे, असे मला वाटते. विद्यार्थ्याने प्रत्येक रुग्णाची माहिती डॉक्टरपुढे मांडावी, आपला अंदाज सांगावा आणि कशाची खात्री नाही तेही सांगावे; मूल्यमापनात या शेवटच्या भागाला सर्वाधिक वजन असावे. यासाठी डॉक्टरच्या वेळापत्रकात राखीव वेळ हवा आणि त्या वेळेचा मोबदलाही त्याला मिळायला हवा, कारण रुग्णांची रांग तुंबलेली असताना दारातून डोकावून दिलेल्या होकाराला (तो किती सर्रास दिला जातो हे या क्षेत्रातल्यांना ठाऊक आहे) देखरेख म्हणता येत नाही. ज्या दवाखान्याला एवढी व्यवस्था करणे शक्य नाही, त्याला विद्यार्थी देऊच नयेत, मग तिथे मनुष्यबळाची कितीही टंचाई असो.