फ्रेडी मर्क्युरीची एकल गाणी : आपल्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या एकल गाण्यांवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आणि ती सारी गाणी क्रमाने पुन्हा ऐकून लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : पैशांच्या मोहापायी त्याने ‘क्वीन’ हा आपला बँड मोडीत काढला, त्याची एकल गाणी चालली नाहीत आणि चालण्याच्या योग्यतेचीही नव्हती, ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासोबतचा ‘बार्सिलोना’ हा अल्बम तर निव्वळ मिरवण्याचा सोस होता, आणि तो पाचगणीच्या शाळेत शिकला म्हणून मी आपलेपणाने त्याची पाठराखण करतो आहे.

पहिला आक्षेप मला मुळीच मान्य नाही, आणि तो कोठून आला असावा याचाही मला अंदाज आहे. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटात फ्रेडी सोबत्यांना अंधारात ठेवून एकल करार करतो, बँड फुटतो आणि मोठ्या खंडानंतर थेट ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या संगीत कार्यक्रमाच्या निमित्ताने सारे पुन्हा एकत्र येतात, असे दाखवले आहे. प्रत्यक्षात जानेवारी १९८५ मध्ये हा बँड ब्राझीलमध्ये ‘रॉक इन रिओ’च्या मंचावर होता, २९ एप्रिलला फ्रेडीचा ‘मिस्टर बॅड गाय’ हा एकल अल्बम आला, लगेच मे महिन्यात चौघेही जपानमध्ये एकत्र कार्यक्रम करत होते, आणि १३ जुलैला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ झाले. त्यातही स्वतंत्र वाट धरणारा तो चौघांमधला पहिला नव्हता. ढोलवादक रॉजर टेलरचा पहिला एकल अल्बम १९८१ चा आणि दुसरा १९८४ चा आहे, तर गिटारवादक ब्रायन मे याने १९८३ मध्येच आपले स्वतंत्र ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले होते. त्या दोघांना आपण काहीच म्हणत नाही आणि दोष मात्र एकट्या गायकाच्या माथी येतो, हे मला न्यायाचे वाटत नाही. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी उभी केली, त्याला घर सोडून दुसरे घर बांधणे म्हणता येईल. फ्रेडीने तसे काहीच केले नाही. एकल गाण्यांसाठी तो कधी दौऱ्यावरही गेला नाही; दौरे त्याने बँडसाठीच राखून ठेवले.

गाणी चालली नाहीत, या आपल्या म्हणण्यात मात्र बरेच तथ्य आहे आणि माझी एक चूकही आपण नेमकी पकडली आहे. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ हे गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले, एवढेच मी लिहिले होते. ते गेले १९९३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोन वर्षांनी, आणि तेही नव्याने केलेल्या रीमिक्सच्या रूपात. १९८५ मध्ये मूळ गाणे ५० व्या क्रमांकापुढे सरकले नव्हते. नाशिकच्या मेनरोडवरच्या कॅसेटच्या दुकानात मी ते पहिल्यांदा ऐकले ते रीमिक्सच्याच रूपात, आणि पुढे कित्येक वर्षे तेच मूळ गाणे आहे असे समजत राहिलो. ती समजूत लेखातही उतरली. त्याच ‘मिस्टर बॅड गाय’ अल्बममधले ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ११ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले, पण ‘मेड इन हेवन’ ५७ वर आणि ‘लव्ह मी लाइक देअर इज नो टुमॉरो’ ७६ वर थांबले. एक वर्ष आधीचे, संगीतकार जॉर्जो मोरोडेरसोबतचे ‘लव्ह किल्स’ १० व्या क्रमांकावर होते, आणि १९८७ मधले ‘द ग्रेट प्रिटेंडर’ चौथ्या. यांतले शेवटचे तर ‘द प्लॅटर्स’ या गायकवृंदाचे १९५५ चे जुने गाणे होते, हेही आपल्या बाजूने मांडता येईल.

परंतु गाणी का पडली, याचे आपण दिलेले कारण मला पटत नाही. चालींचा कस कमी होता असे आपण म्हणता. मग ‘क्वीन’चा १९९५ चा अल्बम शेजारी ठेवून पाहावा. फ्रेडीच्या निधनानंतर उरलेल्या तिघांनी ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ या दोन एकल गाण्यांतला त्याचा आवाज तसाच ठेवला आणि भोवती आपली गिटार, ढोल व बास नव्याने बांधली. चाल तीच, शब्द तेच, गळाही तोच. पण मूळ ध्वनिमुद्रणात सिंथेसायझरच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरत जाणारा आवाज येथे कशाला तरी भिडतो, मागे रेटला जातो आणि म्हणून अधिक उंच चढतो. आमच्या कॉलेज रोडवरच्या मित्रमंडळींनी एका रविवारी दोन्ही रूपे लागोपाठ ऐकली, तेव्हा एरवी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारे आम्ही सारे या एका बाबतीत एकमताचे झालो. म्युनिकमध्ये ‘मिस्टर बॅड गाय’च्या ध्वनिमुद्रणावेळी त्याच्यासोबत चांगले वादक होते, आणि बँडच्या अल्बमांवर काम केलेला निर्माता माकही होता. नव्हता तो त्याच्याच तोलामोलाचा, त्याला अडवू शकणारा माणूस. मला दिसणारी उणीव ती आहे, आणि ती फ्रेडीच्या एकल गाण्यांतली खरी उणीव आहे हे मी निःसंकोच मान्य करतो.

म्हणूनच ‘बार्सिलोना’ला आपण मिरवण्याचा सोस म्हणता तेव्हा मला वाईट वाटते, कारण तेथे त्याला असा माणूस सापडला. त्याने एका स्वरपटाचे ध्वनिमुद्रण केले होते, ज्यात शब्द नाहीत, केवळ खोट्या गळ्यात (फॉल्सेटोमध्ये) घेतलेल्या, आलापीसारख्या स्वरावली आहेत, आणि काबाये गातील तर कसे गातील याची ती त्याने बांधलेली कल्पना आहे. ‘द ग्रेट प्रिटेंडर’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला ते प्रसिद्ध झाले. पियानोवादक माइक मोरनच्या साथीचे हे ध्वनिमुद्रण घेऊन तो १९८७ मध्ये बार्सिलोनात मोन्सेरात काबाये यांना भेटला. पुढे त्याच स्वरपटावर काबाये यांनी स्वतः शब्द लिहिले आणि ते ‘एन्सुएन्यो’ या नावाने अल्बममध्ये आले. मिरवणारा माणूस मोठ्या गायिकेचे नाव आपल्या गाण्याला जोडून घेतो. येथे तर त्याने आपले गाणे तिच्या हाती सोपवले आणि तिला ते बदलू दिले. शीर्षकगीतात तो ऑपेराचा गळा काढण्याच्या भरीस पडत नाही. तो स्वतःच्याच, कडा खरखरीत असलेल्या आवाजात गातो आणि काबाये त्यांच्या आवाजात. सोबतची वाद्ये बव्हंशी सिंथेसायझरचीच आहेत आणि ती मला आजही खटकतात. २०१२ मध्ये खरा वाद्यमेळ घालून तो अल्बम पुन्हा तयार करावा लागला, यातच त्या उणिवेची कबुली आहे. तरी १९८८ च्या मूळ रूपातही दोन गळे एकमेकांना जे पुढे ढकलत नेतात, ते त्याच्या आधीच्या एकल गाण्यांत मला कोठेच ऐकू आले नाही. त्याच अल्बममधल्या ‘हाउ कॅन आय गो ऑन’ या गाण्यात बास वाजवला आहे तो जॉन डीकनने, म्हणजे ‘क्वीन’च्याच चौथ्या सोबत्याने. बँड मोडीत काढलेल्या माणसाच्या गाण्यात जुना सोबती असा येऊन वाजवत नसतो.

‘बार्सिलोना’ हे शीर्षकगीत १९८७ मध्ये ८ व्या क्रमांकावर होते आणि १९९२ मध्ये, त्या शहरातल्या ऑलिंपिकच्या वेळी पुन्हा आले तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर गेले. तेव्हा फ्रेडीला जाऊन आठ महिने झाले होते.

राहिला आपलेपणा. फरोख बुलसारा, म्हणजेच फ्रेडी, हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला आणि तेथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला, हे वाचले की माझे मन हलते, हे मी नाकारत नाही. त्याच्या आडनावातले बुलसार म्हणजे आजचे वलसाड, आणि पेठच्या घाटाने तेथे जाणारा रस्ता आमच्या नाशिकहूनच सुटतो. पण या जवळिकीने मला ‘मिस्टर बॅड गाय’ अधिक गोड लागला असता, तर वरचे चार परिच्छेद मी असे लिहिले नसते.

‘लिव्हिंग ऑन माय ओन’विषयीचे वाक्य मी मूळ लेखात सुधारले असून, १९८५ चा आणि १९९३ चा, असे दोन्ही क्रमांक आता तेथे वेगवेगळे दिले आहेत. ‘एन्सुएन्यो’ आपल्या प्रतिक्रियेत कोठे दिसले नाही. ते आधीच्या निःशब्द रूपाच्या पाठोपाठ ऐकून पाहावे आणि तरीही मत बदलले नाही तर तसे जरूर कळवावे, ही विनंती.